सुटलेल्या माणसाची हजेरी

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस समुद्रपूर तालुक्यातला असेल, तर तो बहुधा जामला उतरतो. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता इथे फुटतो. चहाच्या टपऱ्या, उभे ट्रक, एसटीची वाट बघत बसलेली माणसं. हातात पिशवी घेतलेला आणखी एक जण त्या गर्दीत कुणाच्या नजरेत भरत नाही. तिथून एखादी काळीपिवळी पकडून तो गावात पोचला, की मात्र भरतो. दोनशे घरांच्या गावात 'तो सुटला' ही बातमी त्याच्या आधी पोचलेली असते.

त्याच्याशी आता सरकारचं नातं काय? तो पॅरोलवर किंवा फर्लोवर आला असेल, तर उत्तर सोपं आहे. ठरल्याप्रमाणे पोलीस ठाण्यात जायचं, सही करायची, मुदत संपली की परत फिरायचं. फर्लो आणि पॅरोलचे नियम तेच सांगतात. शिक्षा संपवून आला असेल आणि पोलिसांच्या लेखी 'सराईत' असेल, तर त्याच्या नावाचं एक पान ठाण्यात असतं आणि कधीतरी एखादा शिपाई घरापर्यंत येतो. आणि न्यायालयाने त्याला तुरुंगात न पाठवता बंधपत्रावर सोडलं असेल, तर चित्रात आणखी एक माणूस येतो. त्याचं नाव जिल्हा परिविक्षा अधिकारी. हा शब्द म्हणताना जीभ अडखळते, म्हणून सगळे सरळ 'प्रोबेशन ऑफिसर' म्हणतात. याच्याकडे काठी नाही, बेडी नाही, गणवेशही नाही. एक फाईल असते, आणि ती घेऊन हिंडायचं असतं.

पोलीस विचारतो, हा कुठे आहे? प्रोबेशन ऑफिसरने विचारायचं असतं, हा कसा आहे? गेल्या दीडशे वर्षांत आपण पहिल्या प्रश्नासाठी मोठी यंत्रणा उभी केली. दुसऱ्या प्रश्नासाठी कायदे केले, समित्या नेमल्या, सिनेमेसुद्धा काढले. माणसं मात्र मोजकीच नेमली. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास शोधायला लागलं, की गंमत म्हणजे वाट पुन्हा पुन्हा वर्धा जिल्ह्यातून जाते.

*

आधी पहिला प्रश्न. 'हजेरी' म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. भटक्या-विमुक्तांच्या आजोबा-पणजोबांना पोलीस पाटील आठवायचा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर लावता येईल अशी सोय झाली. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली, की तिच्या माणसांची नावं नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी घ्यायची आणि गाव सोडायचं तर परवाना मागायचा. ज्याने काहीच केलेलं नाही त्याचीही हजेरी. म्हणजे ही गुन्ह्यानंतरची देखरेख नव्हतीच, जन्मानंतरची होती.

सोलापूरला तर त्यासाठी तारेच्या कुंपणाआड वसाहतच वसवली. 'सेटलमेंट' हा शब्द शहराच्या नकाशावर अजून टिकून आहे. आत राहणाऱ्यांना कापडगिरण्यांत काम मिळे, मुलांना शाळा मिळे, आणि कुंपणातून ये-जा करायला पास लागे. प्रशासनाच्या कागदांत या साऱ्याला 'सुधारणा' म्हटलं आहे. काही अधिकाऱ्यांना ते मनापासून तसं वाटतही असावं, आणि मला तीच गोष्ट अधिक घाबरवते. माणसाचं भलं करतोय अशी खात्री असलेला पहारेकरी कधी थकत नाही.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला. देशभरात तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण सवय गेली नाही. 'जमात' हा शब्द काढून 'सराईत गुन्हेगार' हा शब्द आला, आणि १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यातही नोंदणी होती, ठावठिकाणा कळवणं होतं, हिंडण्यावर बंधनं घालायची सोय होती. कागदोपत्री आता व्यक्तीकडे पाहायचं होतं. ठाण्यातली नजर मात्र बेड्याकडे, तांड्याकडे, वस्तीकडेच वळत राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी मध्यमवर्गाला या नजरेखालचं घर आतून दिसलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावल्यांमधल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी त्यात रद्द झाल्या, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत गुन्हेगार समजण्याची पद्धतही न्यायालयाने चूक ठरवली. १९५२ पासून मोजलं तर बहात्तर वर्षं.

जमातीबाहेरच्या माणसाचं काय? १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम होतं: ठरावीक गुन्ह्यांत पुन्हा शिक्षा झालेल्या माणसाने सुटल्यावर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता, पत्त्यातला बदल आणि गैरहजेरी कळवत राहावी, असा हुकूम न्यायालय देऊ शकतं. हे कलम १९७३ च्या संहितेत आलं, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. यात न्यायालयाचा हुकूम तरी लागतो. ठाण्यातल्या हिस्ट्रीशीटला तोही लागत नाही.

खडक सिंह या माणसाचं प्रकरण त्यासाठी वाचावं. उत्तर प्रदेशात १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून त्याला धरलं, पुरावा नाही म्हणून सोडलं. तरी त्याच्या नावाने हिस्ट्रीशीट उघडलं गेलं. मग रात्री-अपरात्री शिपाई दारावर थाप मारायचे, आहे का घरात, म्हणून. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. बाकीची पाळत मात्र, म्हणजे कुठे जातो, कुणाला भेटतो याची नोंद, बहुमताने चालू ठेवली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं: माणसावर अशी नजर असेल तर त्याचं स्वातंत्र्य नुसतं नावाचं उरतं. तो अल्पमताचा निकाल आज अधिक वाचला जातो. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात न्यायालय त्याच बाजूला आलं.

*

आता दुसरा प्रश्न, आणि त्याची सुरुवात एका मोच्यापासून. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा माणूस बूट बनवायचा. १८४१ साली न्यायालयात एका दारुड्याला शिक्षा होणार होती. ऑगस्टसने त्याचा जामीन घेतला, त्याला आपल्याबरोबर नेलं, आणि तीन आठवड्यांनी सुधारलेल्या अवस्थेत पुन्हा न्यायाधीशापुढे उभं केलं. मग हाच त्याचा उद्योग झाला. १८५९ साली तो वारला तोवर त्याने सुमारे दोन हजार माणसांचा असा भार घेतला होता. त्याला पगार नव्हता. तुरुंगाच्या लोकांचा रोष होता, कारण सुटणाऱ्या प्रत्येक माणसामागे त्यांची फी बुडायची. आणि दुकानाकडे लक्ष द्यायला वेळ उरत नव्हता.

इंग्लंडने १९०७ साली या कामाचा कायदा केला. प्रोबेशन ऑफिसरचं कर्तव्य त्यात तीन क्रियापदांत लिहिलं: सल्ला द्यावा, मदत करावी, आणि मैत्री करावी. कायद्याच्या पुस्तकात 'मैत्री कर' असा हुकूम! हसू येतं खरं. पण हुकमाने मैत्री होत नाही हे मसुदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असणार. या नोकरीची दिशा कोणती, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

आपल्याकडे वर्धा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. या प्रांताने १९३६ साली स्वतःचा प्रोबेशनचा कायदा केला, मुंबई इलाख्याच्या दोन वर्षं आधी. त्याच साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. पुढे त्याचं सेवाग्राम झालं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण तुरुंगात गेलेला माणूस म्हणजे वाया गेलेला, ही समजूत त्या काळात सैल होत होती, कारण अर्धे पुढारी तुरुंगात जाऊन आलेले होते. आतलं जग त्यांनी पाहिलं होतं. स्वतः विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. त्याच तुरुंगांत चोरी-मारामारीचे कैदीही होते, आणि सुटताना त्यांच्या स्वागताला हार घेऊन कुणी उभं नव्हतं, हे कमी आठवलं जातं.

स्वातंत्र्यानंतर हालचाल वाढली. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेक्लेस येऊन तुरुंग पाहून गेले; त्यांचा अहवाल १९५२ चा. सुटकेनंतरच्या मदतीचा विचार करायला केंद्रीय समाजकल्याण मंडळाने समाजशास्त्रज्ञ म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ चा. त्यानंतर १९५८ साली देशभरासाठी एकच कायदा आला, गुन्हेगारांच्या परिविक्षेचा. तोच आजही चालतो.

त्याचं कलम १४ उघडून पाहा, सगळ्यांना मोबाईलवर मिळतं. प्रोबेशन ऑफिसरने आरोपीच्या परिस्थितीची चौकशी करावी, देखरेख ठेवावी, गरज पडल्यास काम मिळवून द्यायचा प्रयत्न करावा, नुकसानभरपाई भरायला सल्ला आणि मदत द्यावी. इंग्रजी कायद्यातलं 'सल्ला' आलं, 'मदत' आलं. 'मैत्री' आली नाही. कुणी मुद्दाम खोडली, की नव्या मसुद्याच्या घाईत राहून गेली, काही असो. पुढच्या पासष्ट-सत्तर वर्षांत या पदाचं जे झालं, ते त्या एका गाळलेल्या शब्दाकडे पाहिलं की बरंचसं समजतं.

बाकी कायदा वाईट नाही. एकवीस वर्षांखालच्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवायच्या आधी न्यायाधीशाला कारण लिहावं लागतं. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं. देखरेखीचा हुकूम निघाला तर तो किमान एक वर्षाचा. प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता चिकटत नाही, असंही कलम १२ म्हणतं. आणि बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडली, तर बंधपत्र चालू ठेवून दंड करता येतो, पन्नास रुपयांपर्यंत. ही रक्कम १९५८ ची. आज जामच्या चौरस्त्यावर पन्नास रुपयांत दोघांचा चहा-नाश्ता धड होत नाही. पण मला ती रक्कम आवडते. पहिल्या चुकीला आभाळ कोसळू द्यायचं नाही, एवढं तरी कायद्याला कळलं होतं.

*

या सगळ्यात नागपूरच्या विधानसभेने केलेला एक कायदा विसरला गेला आहे. १९५० ते १९५६ वर्धा मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी होती नागपूर. १९५४ साली तिथे कैद्यांना प्रोबेशनवर सोडण्याचा कायदा झाला. हा तुरुंगात जाऊन बसलेल्या माणसासाठी होता. त्याची वागणूक चांगली असेल, तर उरलेली शिक्षा त्याने बाहेर, कुणाच्या तरी देखरेखीखाली काढावी. कुणाच्या? सरकारी अधिकाऱ्याच्या, किंवा कैद्याच्याच धर्माच्या एखाद्या व्यक्तीच्या वा संस्थेच्या, किंवा धर्माशी संबंध नसलेल्या एखाद्या संस्थेच्या. अट एवढीच की त्यांनी हा भार घ्यायला राजी असलं पाहिजे. शब्दरचना १९२६ च्या पंजाबच्या कायद्यावरून आलेली. धर्मांतराच्या भीतीने घातलेली धर्माची अट आज विचित्र वाटते. पण त्या 'राजी असलं पाहिजे'त मोठा अर्थ आहे. सुटलेल्या माणसाला कुणीतरी, नावाने, आपला म्हणायला हवा होता.

दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. मध्य प्रदेशात तो कायदा अजून वापरात आहे. आपल्याकडे तुरुंग मुंबईच्या नियमांनी चालू लागले.

*

महाराष्ट्राने जगाला दाखवावा असा या विषयातला प्रयोग दुसरीकडेच झाला होता, माणदेशात. त्याची एक मुळी सेवाग्रामला पोचते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रजेला सत्ता द्यायचं ठरवलं. त्यांचा मुलगा अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर, ज्याला लोक भारतानंद म्हणत, हे दोघे राज्यघटनेसाठी गांधीजींचा सल्ला घ्यायला सेवाग्रामला आले. जानेवारी १९३९ मध्ये औंधात स्वराज्याची घटना लागू झाली. त्याच वर्षी आटपाडीजवळ एक वसाहत सुरू झाली, स्वतंत्रपूर.

कल्पना फ्रीडमनची. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीबाहेर जमिनीवर आणायचं, शेती करू द्यायची, आणि बायकामुलांना सोबत राहू द्यायचं. शेवटची गोष्ट महत्त्वाची. खुलं कारागृह म्हणजे नुसतं कुंपण काढलेलं कारागृह असं आपण समजतो. स्वतंत्रपूरमध्ये कुंपण काढून त्या जागी घर ठेवलं. सकाळी चूल पेटलेली असेल आणि पोर शाळेत जाणार असेल, तर माणूस पळून कुठे जाईल? काही पळाले असतीलही. पण ही वसाहत टिकली, संस्थान विलीन झाल्यानंतरही राहिली.

मूळचे माडगुळ्याचे, औंधात शिकलेले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून गोष्ट लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. सिनेमा उत्तमच आहे, पण त्याच्या नावाकडे नीट पाहा. जेलरचे दोन डोळे कैद्यांच्या बारा हातांना जागेवर ठेवतात. म्हणजे शेवटी नजरच. स्वतंत्रपूरमध्ये जास्त काम करत होती ती चूल, आणि तिच्याशेजारी बसलेलं माणूस. त्यावर सिनेमा काढणं अवघड होतं हे मान्य.

*

दुसरी मोठी गोष्ट वर्ध्याच्याच पवनारची, म्हणजे जामच्याच जिल्ह्यातली. १९५९-६० मध्ये विनोबा भूदानासाठी उत्तरेत फिरत होते. दरोडेखोर मानसिंहाचा मुलगा तहसीलदार सिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहिलं: चंबळच्या बागींशी बोला. निवृत्त लष्करी अधिकारी यदुनाथ सिंह यांनी मध्यस्थी केली. मे १९६० मध्ये भिंड-मुरैनाच्या दऱ्यांमध्ये वीसएक बागी विनोबांसमोर येऊन बंदुका ठेवून गेले. त्यांत लुक्का नावाने ओळखला जाणारा लोकमन दीक्षितही होता. तहसीलदार सिंहाची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकात हृदयपरिवर्तन म्हणून संपते. खरी तिथे सुरू होते. मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख होते के. एफ. रुस्तमजी, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. त्यांनी जाहीर टीका केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माझे शिपाई या माणसांशी लढताना मेले, आणि आता यांनाच पाहुण्यासारखं वागवताय. पोलिसांचं मनोबल खचेल, आणि ज्यांनी मारलं ते नायक ठरतील. सर्वोदयवाले रागावले. पण रुस्तमजी काही दंडुकेवाले अधिकारी नव्हते. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना सडणाऱ्या कच्च्या कैद्यांवर लेख लिहिणारे तेच. त्या लेखांतून हुसैनारा खातून खटला उभा राहिला आणि हजारो माणसं सुटली. म्हणजे वाद दयाळू आणि निर्दय यांच्यातला नव्हता. मेलेल्या माणसाच्या घराला काय सांगायचं, हा रुस्तमजींचा प्रश्न होता. जिवंत असलेल्याला कुठे न्यायचं, हा विनोबांचा. सुटलेल्या माणसावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात हे दोन्ही प्रश्न पडतात. गावात ज्याच्या घरी चोरी झाली तोही तिथेच राहतो, आणि त्याच्या दारावरूनच आरोपीच्या घराकडे जावं लागतं.

विनोबांनी माफीचं वचन दिलं नव्हतं. खटले चालले, काही सुटले, काहींना शिक्षा झाल्या. चंबळ घाटी शांती समितीची माणसं मागे राहिली: वकील पाहायचे, बागींच्या घरच्यांना सांभाळायचं, ज्यांच्या घरातलं माणूस यांनी मारलं त्यांच्याकडे जाऊन बसायचं, सुटलेल्याला जमीन मिळते का ते पाहायचं. या कामाला 'समर्पण' या शब्दाचं तेज नाही. पण ऑगस्टसने जे केलं आणि १९०७ च्या कायद्याने ज्याला मैत्री म्हटलं, ते हेच.

पुढे माधोसिंह या बागीने पुन्हा विनोबांकडे विचारणा केली. विनोबांनी तोवर क्षेत्रसंन्यास घेतला होता, पवनार सोडायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी जयप्रकाश नारायणांचं नाव सुचवलं, असं सर्वोदयाच्या वर्तुळात सांगतात. १९७२ साली जयप्रकाशांपुढे शेकडो बागी शरण आले आणि त्यांतल्या अनेकांनी मुंगावलीच्या खुल्या कारागृहात शिक्षा भोगली. एवढं सगळं बाहेर झालं, पण वर्ध्यात सुटलेल्या साध्या चोरासाठी शांती समिती निघाली नाही. त्याच्यावर गोष्ट होत नाही ना.

*

आजचा जिल्हा परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाखाली असतो. न्यायालयाने मागितलं की घरची चौकशी करून गोपनीय अहवाल द्यायचा. म्हणजे गावात जायचं, आईबापांशी बोलायचं, सरपंच, पोलीस पाटील, शेजारी, मास्तर, पूर्वीचा मालक यांना विचारायचं. इथे या कामाची पहिली कोंडी आहे. मुलगा कसा आहे हे गावाला विचारलं, की त्याच्यावर खटला आहे हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. चौकशी मदतीसाठी असते, आणि गाव तिला हजेरीच समजतं. चांगला अधिकारी म्हणून थेट घरी जात नाही. आधी चहा पितो, पीकपाण्याचं बोलतो, सोयाबीनचा भाव काढतो, कापूस हिंगणघाटला नेला का विचारतो, आणि मधेच कधीतरी मुद्द्यावर येतो.

दुसरी कोंडी कामाच्या ढिगाची. बाल न्याय कायद्याखाली विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या चौकशा, बालकल्याण समितीपुढची प्रकरणं, संस्थांतली मुलं, सगळं याच वाटेने येतं. ते अत्यंत गरजेचं आहे, यात शंका नाही. पण मग प्रौढ माणसाच्या बंधपत्राची भेट महिन्यातून एकदाची सही होऊन बसते. 'आला होता, ठीक आहे.' कायद्याने जे पोलिसापासून वेगळं काढायचं ठरवलं होतं, ते वेळेअभावी पुन्हा हजेरीपाशी येऊन थांबतं.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी: तुरुंगातून शिक्षा संपवून आलेला माणूस मुळात याच्याकडे येतोच कुठे? बंधपत्रावर सुटलेल्याला न्यायालय पाठवतं. शिक्षा भोगून आलेल्याला कुणी पाठवत नाही. मुक्त बंद्यांना छोट्या धंद्यासाठी अर्थसहाय्य द्यायची योजना याच कार्यालयातून चालते, पण कागदपत्रं जमवून अर्ज करायला ती माहीत असावी लागते. ज्याला आधार कार्डावरचा पत्ता बदलून घ्यायलाही लाज वाटते, तो माणूस वर्ध्याच्या कार्यालयात जाऊन 'मी सुटलोय, मदत द्या' म्हणेल का? म्हणून तुरुंगाच्या आतूनच ओळख करून घेणाऱ्या संस्थांचं काम वेगळं ठरतं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून हे करतो. आपल्याकडे अमरावतीची 'वऱ्हाड' ही संस्था कैद्यांच्या घरच्यांपर्यंत जाते. माणूस आत असतानाच बाहेरचं घर धरून ठेवायचं, ही स्वतंत्रपूरचीच युक्ती, फक्त जमिनीशिवाय.

वर्धा जिल्ह्याला आणखी एक पदर आहे. गांधी जिल्हा म्हणून इथे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे, आणि दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात दारूच्या केसेसना तोटा नसतो. मोहाची गाळणारी बाई, चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर बाटल्या आणताना सापडलेला पोरगा, पिऊन गोंधळ घालणारा मजूर. पोलिसांच्या वहीत हे सारखं परतून येणारं नाव असतं. बोस्टनच्या ऑगस्टसने पहिला जामीन घेतला तो अशाच माणसाचा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने एक नवी शिक्षा आणली आहे, सामुदायिक सेवा. काही किरकोळ गुन्ह्यांना ती देता येते. पाच हजार रुपयांच्या आतली पहिली चोरी, वस्तू परत केली तर. आणि सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन केलेला धिंगाणा. समाजाच्या उपयोगाचं काम करायचं, मोबदला मिळणार नाही, एवढी त्याची व्याख्या नव्या प्रक्रिया संहितेच्या कलम २३ मध्ये दिली आहे. एखाद्याला उद्या जामच्या बसथांब्यावर आठवडाभर झाडलोट करायची शिक्षा झाली, तर तो आला की नाही हे पाहायला, आणि आला तर त्याच्याशी दोन शब्द बोलायला तिथे कोण उभं राहील, हे त्या व्याख्येत लिहिलेलं नाही.